बंदच्या आठवड्यातला गोल्फ

नियोजनात माझा हात धरणारा माणूस अजून जन्माला यायचाय! ही बढाई नाही, माझा पेशाच आहे. आमच्या कारखान्यात पत्र्याचे डबे बनतात. रंगाचे, तेलाचे, बिस्किटांचे, बुटाच्या पॉलिशचे. कुठल्या यंत्रावर कुठल्या दिवशी कुठला डबा चढणार आणि त्याचं झाकण कुठून येऊन त्याला कुठे भेटणार, हे मी ठरवतो. मी एक दिवस आजारी पडलो तर बिस्किटांच्या डब्यावर पॉलिशचं झाकण बसेल!

घरीही तेच. आमच्या फ्रीजवर आठवड्याचा तक्ता असतो, चार रंगांच्या पेनांनी केलेला. बायको तो वाचत नाही, त्यावर लाँड्रीच्या पावत्या अडकवते, ते सोडा. मुद्दा असा की असा मी परदेशात गोल्फ खेळायला जायची सहल आखायला बसलो, तर त्यात काय चुकणार होतं? तुम्हीच सांगा!

आधी गोल्फचं सांगतो, म्हणजे तुमचा गैरसमज नको. गोल्फ म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर हिरवंगार गवत येत असेल. आमचं मैदान जलशुद्धीकरण केंद्राच्या मागे आहे. गवत कमी, धूळ जास्त. तिसऱ्या होलवर चेंडू जरा तिरका गेला की थेट पाण्याच्या टाकीत पडतो आणि चौकीदार आपल्या सात पिढ्यांचा उद्धार करतो. तिथे मी दर रविवारी खेळतो. सोबतीला शाळेपासूनचा मित्र, दातांचा डॉक्टर. आम्ही त्याला डॉक्टरच म्हणतो. मी रीतसर परीक्षा देऊन खेळाडूचं प्रमाणपत्र मिळवलंय. डॉक्टर परीक्षेला बसला नाही. त्याने जन्मभर दुसऱ्यांना आ करायला लावलं, स्वतःवर ती वेळ येऊ दिली नाही.

आणि एके दिवशी मी टीव्हीवर ते मैदान पाहिलं. परदेशातलं. उंच कड्यावर पहिला टी, म्हणजे जिथून पहिला फटका मारतात ती जागा. डावीकडे खाली समुद्र! उजवीकडे गालिच्यासारखं गवत! वाऱ्याने झेंडा फडफडतोय, आणि चौकीदार कुठेही नाही! खरं सांगतो, मी डोळे पुसले. बायकोने विचारलं, "कोण गेलं?" मी म्हटलं, "कुणी नाही. मला जायचंय."

त्यात माझे गुडघे. हाडांच्या डॉक्टरांनी फोटो उजेडात धरून सांगितलं होतं, "खेळायचं ते या वर्षी खेळून घ्या. नंतर बसून बघण्याचे खेळ निवडा." म्हणजे आता नाही तर कधीच नाही. म्हातारपणी जलशुद्धीकरण केंद्राच्या आठवणी काढत बसायचं माझ्या नशिबी नको होतं.

सहल ठरली ती डॉक्टरच्या दवाखान्यात, मी खुर्चीत आडवा, तोंडात कापूस आणि ती पाणी ओढणारी नळी.

"पाच दिवस की सात?" डॉक्टर माझ्या दाढेत डोकावत म्हणाला.

"आआ."

"सात. बरोबर. रोज वेगळं मैदान?"

"आआ."

"आणि शेवटच्या दिवशी ते तुझं समुद्रावालं?"

"आ! आ! आ!"

"लेका, हलू नकोस, सुई आहे माझ्या हातात!"

घरी येऊन मी तक्ता केला. काय तक्ता होता महाराजा! वर दिवस, खाली मैदानं, बाजूला वाऱ्याची दिशा. जायचं ते कारखान्याच्या बंदच्या आठवड्यात. वर्षातून एकदा आमची सगळी यंत्रं थांबवून, उघडून, तेलपाणी करतात. डबा बनत नाही म्हणजे नियोजन नाही, नियोजन नाही म्हणजे मी रिकामा. इतका चोख विचार!

बायकोला सांगायला मी दोन दिवस मनात भाषण घोळवत होतो. स्वयंपाकघरात जाऊन सुरुवात केली, "बघ, माणसाच्या आयुष्यात एक वेळ अशी येते की..."

"गोल्फला जायचंय ना? जा की!" तिने कुकरची शिटी काढून ठेवत सांगितलं. "डॉक्टरांच्या बायकोने कालच सांगितलं मला. आई आहेच सोबतीला."

आई म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांच्या घराला रंग चालला होता म्हणून त्या आमच्याकडे आल्या होत्या. रंग काढायचा, भिंतीच्या भेगांत लांबी भरायची, पुन्हा रंग लावायचा, मग तो पसंत नाही म्हणून पुन्हा काढायचा, असं ते काम होतं. सासूबाई पेपरातून डोकं वर न काढता म्हणाल्या, "जावईबापू, जा हो तुम्ही. घरात तेवढीच हवा खेळेल."

इतक्या सहज होकार मिळाला की मला संशय यायला हवा होता. नाही आला. आता राहिले फक्त साहेब.

आमचे साहेब म्हणजे भला माणूस, पण ऐकण्याचं त्यांना वावडं. तुम्ही वाक्य सुरू करायचं, ते पूर्ण करणार. आणि भलतंच पूर्ण करणार! मी त्यांच्या केबिनमध्ये गेलो, टेबलावर तक्ता पसरला, वर त्या मैदानाचा फोटो ठेवला आणि म्हटलं, "साहेब, बंदच्या आठवड्यात जरा..."

साहेबांनी फोटो उचलला. बघत राहिले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"तुला कसं कळलं?" ते एकदम मऊ आवाजात म्हणाले.

"काय साहेब?"

"हेच! मला विश्रांतीची किती गरज आहे ते! घरी बायको वर्षभर कानीकपाळी ओरडतेय, कुठेतरी चला, कुठेतरी चला. आणि इथे एवढे लोक, पण दिसलं कुणाला? तुला!"

"नाही, म्हणजे साहेब, मी म्हणत होतो की..."

"की चालणंही होईल! करेक्ट! मला डॉक्टरांनी चालायलाच सांगितलंय. आणखी कोण आहे?"

"एक डॉक्टर आहेत, आणि..."

"वा! सोबत डॉक्टर! या वयात बरंच आहे ते."

"दातांचे आहेत साहेब."

"मग दात काय शरीराबाहेर असतात का? ठरलं! तू बुकिंग करून टाक." त्यांनी उठून माझ्या पाठीवर थाप मारली. "माझ्यासाठी एवढं कुणी केलं नव्हतं रे!"

मी बाहेर आलो तेव्हा माझ्या मनाची अवस्था विचित्र होती. साहेब गळ्यात पडले होते, हे खरं. पण साहेब बरोबर म्हणजे रजेचा प्रश्नच मिटला! वर्षाअखेरीस बढतीचं घोडंही पुढे सरकेल. मी डॉक्टरला फोन केला.

"तिघं झालो," मी म्हटलं.

"तिसऱ्याचे दात कसे आहेत?" डॉक्टरने विचारलं. त्याला माणसांबद्दल एवढंच जाणून घ्यायचं असतं.

त्याच संध्याकाळी घरी फोन वाजला. साहेबांच्या बायकोचा, म्हणजे मॅडमचा, माझ्या बायकोला! ती आत जाऊन दार लोटून अर्धा तास बोलली. बाहेर आली ती उजळलेला चेहरा घेऊनच.

"अहो, मॅडमही निघाल्यात! आणि त्या म्हणाल्या, हे सगळे दिवसभर चेंडूच्या मागे, मी एकटी काय करू? तुम्ही चला सोबतीला! मी हो म्हणून टाकलं."

"पण ही गोल्फची सहल आहे!"

"मग असू दे की. आम्ही काय तुमचे चेंडू लपवणार आहोत?"

चेंडू नाही लपवले. दिवस लपवले! रोज एक फोन, रोज माझ्या तक्त्यातलं एक मैदान गायब. सोमवारी मॅडमना बोटीत बसायचं होतं. मंगळवारी म्हणे दोघींना बाजार बघायचा. बुधवारी तो बाजार दाखवायला पुरुषांनी यायचं, कारण पिशव्या कोण उचलणार? गुरुवारी साहेबांना झोप हवी होती, शुक्रवारी-शनिवारीही असंच काहीतरी. मी खोडतोय, रंगीत पेनाने पुन्हा लिहितोय. डॉक्टर म्हणाला, "अरे, ही गोल्फची सहल आहे की पिशव्यांची?" शेवटी एकच मैदान उरलं. समुद्राकाठचं. शेवटचा दिवस. त्यावर मात्र मी हात ठेवून बसलो. "बाकी सगळं घ्या," मी बायकोला म्हटलं, "हा दिवस माझा. याला धक्का लागला तर मी घर सोडून जाईन!"

"जाच," पेपरामागून आवाज आला. "नाहीतरी जायचंच चाललंय."

इथपर्यंत ठीक होतं. पण साहेबांना गोल्फ येत नव्हता आणि तो शिकवायचा होता मी. जागा, त्यांचं केबिन. वेळ, जेवणाची सुट्टी. मी एक रिकामा रंगाचा डबा गालिच्यावर आडवा ठेवला आणि सांगितलं, "साहेब, चेंडू हळूच ढकलायचा. डब्यात गेला पाहिजे. बस."

साहेबांनी ढकलला. डब्यात गेला! साहेब लहान मुलासारखे हसले. पुन्हा गेला! पुन्हा! आणि मग त्यांच्या अंगात आलं.

"आता तो मोठा फटका दाखव. खांद्यावरून फिरवतात तो."

"साहेब, तो इथे नको. तो मैदानात."

"अरे, नुसता फिरवून बघतो. चेंडूला लावत नाही."

आता साहेबांच्या केबिनला काचेची सरकती खिडकी आहे आणि त्या खिडकीखाली आमचा अख्खा कारखाना. त्यांनी वरून लक्ष ठेवावं म्हणून. ती खिडकी उघडी होती. साहेबांनी काठी खांद्यावर नेली, जीभ बाहेर काढली, डोळे मिटले आणि फिरवली. लावत नाही म्हणाले होते. लागली! टण्ण! चेंडू खिडकीतून बाहेर गेला. खाली यंत्रांचा आवाज चालूच. कुणी ओरडलं नाही, काही फुटलं नाही. आम्ही दोघं खिडकीशी धावलो.

"कुठे गेला?" साहेब कुजबुजले.

मी वाकून बघितलं. खिडकीच्या बरोबर खाली डब्यांची रांग सरकत होती. उघड्या तोंडाचे डबे इकडून येत होते, यंत्र वरून झाकण दाबत होतं, आणि बंद डबे तिकडून बाहेर पडत होते. एकसारखे, चकचकीत, झाकणबंद!

"साहेब, चेंडू पॅक झाला."

"मग?"

"मग तो रंगाच्या कंपनीला जाणार. आणि ते झाकण काढून यंत्रावर लावणार. रंग ओतताना आत चेंडू सापडला तर सगळा माल परत!"

साहेब खुर्चीत बसले. "कुणाला कळता कामा नये," ते म्हणाले. "तू कर काहीतरी. तू म्हणजे नियोजन!"

मी खाली पळालो, रांग थांबवली आणि कामगारांना सांगितलं की आजपासून एक नवी तपासणी आहे. प्रत्येक डबा कानाशी धरून हलवायचा. "का?" मुकादमाने विचारलं. मी म्हटलं, "दर्जा!" बिचारे लागले हलवायला. बाहेर ट्रक उभा, ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय, आणि आत चाळीसेक धट्टीकट्टी माणसं डबे कानाला लावून खुळखुळ्यासारखी हलवतायत! मुकादम म्हणाला, "साहेब, यात काही वाजलं तर चांगलं की वाईट?" मी म्हटलं, "वाजलं तर माझ्याकडे आण." संध्याकाळपर्यंत कुणाच्या डब्यात काही वाजलं नाही. शेवटी वाजलं ते माझ्याच हातातल्या डब्यात. मी तो काखेत मारून वर गेलो आणि साहेबांच्या टेबलावर ठेवला.

साहेबांनी डोळे पुसले. "तुझ्यासारखा माणूस मागे असला की मी कुठेही जायला मोकळा," ते म्हणाले. मला भरून आलं. या वाक्याकडे मी तेव्हा नीट लक्ष द्यायला हवं होतं.

मग तिकिटांचा दिवस उजाडला. तिकिटं काढणारा माणूस केबिनमध्ये येऊन बसला, पेन उघडून. साहेब, मॅडम आणि मी टेबलाभोवती.

"नावं सांगा," तो म्हणाला.

"मी," साहेबांनी बोटांवर मोजायला सुरुवात केली. "मॅडम. ते दातांचे डॉक्टर. आणि याच्या घरच्या वहिनी. झाले चार."

मी हसलो. "साहेब, पाचवा राहिला."

"कोण?"

"मी!"

साहेब माझ्याकडे बघत राहिले. मॅडम साहेबांकडे बघत राहिल्या. तिकीटवाल्याने पेनाचं टोपण लावलं.

"तू?" साहेब म्हणाले. "तू येणार होतास?"

"साहेब, सहलच माझी आहे!"

"अरे, मला वाटलं तू माझ्यासाठी आखलीस!" त्यांच्या चेहऱ्यावर खरोखरची काळजी होती. "मग इथे कोण बघणार?"

"कारखाना बंद आहे ना साहेब!"

"बंद आहे म्हणूनच तर माणूस लागतो! चालू कारखाना काय, कुणीही चालवेल. पण सगळी यंत्रं उघडून पसरलेली, कुठला स्क्रू कुठला कुणाला ठाऊक नाही, आणि आपण दोघंही बाहेर? परत आल्यावर डबे चौकोनी निघतील! छे छे. तू आहेस म्हणून तर मी निर्धास्त निघालोय."

पण माझ्याकडे हुकमाचा पत्ता होता. तो मी काढला.

"साहेब, एक अडचण आहे. त्या समुद्राकाठच्या मैदानावर प्रमाणपत्र असल्याशिवाय आत सोडत नाहीत. डॉक्टरकडे नाही. तुमच्याकडे नाही. फक्त माझ्याकडे आहे. बुकिंगही माझ्याच नावाने आहे. मी नसलो तर तुम्हांला कुणी टीवर उभंसुद्धा करणार नाही!"

मी मनातल्या मनात बॅग भरायला लागलो. साहेबांनी कपाळाला आठ्या घातल्या, छताकडे बघितलं, आणि मग त्यांचा चेहरा खुलला.

"त्यात काय? तिथे मी तूच!"

"म्हणजे?"

"तुझ्या नावाने खेळतो! तिथे तुला कोण ओळखतंय? एक दिवसाचा तर प्रश्न आहे. हवं तर तुझी टोपीही दे."

बुकिंगच रद्द करून टाकावं, असं मनात आलं, खोटं कशाला सांगू! पण समोर साहेब, बढतीचं घोडं, आणि मॅडम एवढ्या गोड हसत होत्या! "किती मोठं मन आहे हो यांचं," त्या म्हणाल्या. मोठ्या मनाच्या माणसाला काही बोलता येत नाही.

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती खरंच हळहळली. माझा हात हातात घेऊन म्हणाली, "अहो, मग मी पण नाही जात. तुम्ही इथे एकटे, मी तिथे कशी मजा करू?"

"नाही नाही, तू जा," मी म्हटलं. आता अशा वेळी समोरच्याने निदान दोनदा तरी नको म्हणायचं असतं ना? मी तिच्या दुसऱ्या "नको"ची वाट बघत उभा राहिलो.

"बरं," ती म्हणाली. "मग तुमच्या जागेवर आईला नेऊ का?"

पेपर एकदम खाली आला. इतक्या दिवसांत सासूबाईंचा पूर्ण चेहरा मी पहिल्यांदा बघितला. "मला काय," त्या म्हणाल्या, "मी तयारच आहे. जावईबापू, तुमची ती चाकाची बॅग रिकामीच असेल ना?"

डॉक्टर तरी मैत्रीला जागेल म्हणून त्याला फोन केला. तो म्हणाला, "अरे, मीही नाही गेलो तर तिथे तुझी बाजू कोण घेणार?" आणि फोन ठेवून, दवाखान्यावर बंदची पाटी लावून, गेला!

गेले सगळे. माझी बॅग गेली, टोपी गेली, काठ्या गेल्या, प्रमाणपत्र गेलं. साहेब जाताना म्हणाले, "माझ्या खुर्चीत बस, म्हणजे खालचं सगळं दिसेल." बसलो. खाली यंत्रांची आतडी बाहेर काढून पसरलेली, मिस्त्री लोक तेलाने माखलेले, आणि दर थोड्या वेळाने कुणीतरी एक स्क्रू घेऊन वर यायचं आणि विचारायचं, "हा कुठला?" मला तरी काय माहीत! मी म्हणायचो, "बाजूला ठेवा." असे बाजूला ठेवलेले स्क्रू एका बिस्किटाच्या डब्यात जमत होते. बायकोकडून फोटो येत होते. बोटीत सासूबाई. बाजारात सासूबाई. डॉक्टरच्या दोन्ही हातांत पिशव्या, मागे सासूबाई.

आणि आला तो शेवटचा दिवस. माझा दिवस! सकाळपासून माझं कशात लक्ष नव्हतं. आता ते कड्यावर पोचले असतील. आता वारा सुटला असेल. आता पहिला फटका... मी उठून साहेबांची छत्री घेतली आणि गालिच्यावर उभा राहून हळूच फिरवली. गुडघा कट्ट वाजला. डोळ्यांत पाणी आलं, ते गुडघ्यामुळे की कशामुळे, कोण जाणे.

तेवढ्यात टेबलावरचा फोन खणाणला. बुकिंग मी ऑफिसातून केलं होतं, तेव्हा नंबर इथलाच दिला होता. पलीकडे त्या मैदानाचे सेक्रेटरी! आवाज अगदी सभ्य, इस्त्री केल्यासारखा. त्यांनी माझं संपूर्ण नाव घेतलं आणि विचारलं, "हे गृहस्थ तुमच्याकडे कामाला आहेत का?"

माझ्या तोंडात "मीच बोलतोय" आलंच होतं! पण मी जीभ चावली. मी इथे असलो तर तिथे कोण आहे? साहेब रंगेहाथ सापडायचे! घाईघाईत जे सुचलं ते बोललो, "हो. मी त्यांचा साहेब बोलतोय."

"बरं झालं तुम्हीच भेटलात," सेक्रेटरी म्हणाले. "तुमच्या या माणसाने आमची बॅटरीवरची गाडी सरळ हिरवळीवर चालवली. झेंड्याच्या भोवती गोल फिरवली. मग होलमध्ये चाक अडकवलं."

"अरे देवा!"

"मग तळ्यात चेंडू पडला तर बूट काढून आत उतरले. पँट गुडघ्यापर्यंत वर करून. आमची बदकं घाबरून पळाली, ती अजून आलेली नाहीत. सोबतच्या वृद्ध बाई वाळूच्या खड्ड्यात चादर अंथरून बसल्यायत आणि उठायला तयार नाहीत. आणखी एक गृहस्थ आमच्या माळ्याला आ करायला लावून त्याची दाढ बघतायत."

माझं ते मैदान! माझी ती हिरवळ! तिच्यावर गाडी! माझ्या डोक्यात तिडीक उठली.

"आम्ही कडक कारवाई करणार होतो," सेक्रेटरी पुढे म्हणाले. "पण ते सारखे सांगतायत की मी प्रमाणपत्रधारक खेळाडू आहे, मोठ्या जबाबदारीचं काम करतो. म्हणून म्हटलं, त्यांच्या साहेबांनाच विचारावं. तुम्ही हमी घेत असाल तर आम्ही विसरून जाऊ. कसा माणूस आहे?"

मंडळी, मी साहेबांच्या खुर्चीत बसलो होतो. पाय टेबलावर होते. समोर तो फोटो होता, आणि डोळ्यांसमोर पँट वर करून तळ्यात उभे असलेले साहेब. इतक्या वर्षांत मला एकदाही वाक्य पूर्ण करू न दिलेले साहेब! आणि आज पहिल्यांदाच कुणीतरी मला विचारत होतं आणि ऐकून घ्यायला थांबलं होतं.

"कसा माणूस आहे?" मी कडाडलो. "अहो, एक नंबरचा बेजबाबदार माणूस आहे! दुसऱ्याचं काही ऐकत नाही! दुसऱ्याच्या जिवावर मजा मारतो! गोल्फमधलं ओ की ठो कळत नाही, कसलं प्रमाणपत्र घेऊन बसलात! हमी? मी याची दमडीची हमी घेणार नाही! धरा आणि हाकला बाहेर! आणि पुन्हा जन्मात तिथे पाऊल टाकू देऊ नका!"

"जन्मात?" सेक्रेटरींनी खात्री करून घेतली.

"जन्मात!"

"आभारी आहे. तशी नोंद करतो."

फोन ठेवला. अहाहा! काय सांगू तुम्हांला! अंगावरून मोरपीस फिरल्यासारखं वाटलं. मी उठलो, खिडकी उघडली, खालच्या मिस्त्रींना उगाचच हात केला, सगळ्यांना चहा सांगितला. पुढच्या वर्षी, मी मनाशी म्हटलं, गुडघ्यांची समजूत काढू, कुणालाही न सांगता एकटेच जाऊ, आणि त्या कड्यावर...

आणि तिथे माझा चहाचा कप हवेतच थांबला.

कप ठेवून मी फोनवर झडप घातली. "हॅलो! हॅलो! मघाशी ज्यांचं नाव तुम्ही लिहून घेतलंत ना, ते खोडा! तो माणूस फार चांगला आहे हो! अगदी गुणी!"

"आपण कोण बोलताय?" सेक्रेटरींनी विचारलं.

आता काय करणार? खरं नाव सांगितलं.

पलीकडे नोंदवहीची पानं उलटल्याचा आवाज आला. "महाशय," मग ते म्हणाले, तितक्याच सभ्य आवाजात, "आपल्याला आत्ताच फाटकाबाहेर सोडून आलो. कृपया फोन करून त्रास देऊ नका. आमचा नाइलाज आहे. आपल्याबद्दल खुद्द आपल्या साहेबांनीच सांगितलंय."